सबसिडी नको, प्लग खोचू द्या

'पीएम सूर्यघर' योजनेच्या नावात 'घर' असलं तरी ते 'छप्पर' असं वाचायचं असतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये योजना जाहीर झाली. ७५,०२१ कोटी रुपये, एक कोटी घरं. एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन किंवा जास्तला ७८ हजार रुपये अनुदान. चांगली योजना आहे, माझं तिच्याशी भांडण नाही. गावाकडे ज्यांचं स्लॅबचं घर आहे त्यांनी जरूर घ्यावी.

पण माझा मामा डोंबिवलीत चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. गच्ची सोसायटीची. सोसायटीला सामायिक वापरासाठी, म्हणजे पंप, लिफ्ट, जिन्यातले दिवे यासाठी, किलोवॅटला १८ हजार मिळू शकतात. म्हणजे मामाला लिफ्टमधून सूर्यप्रकाशावर वर जाता येईल, पण घरात शिरल्यावर पंखा मात्र कोळशावरच. त्याच्या समोरच्या ब्लॉकमधल्या भाडेकरूला तर लिफ्टपुरताही हक्क नाही. आणि मामाच्या गॅलरीत सकाळी साडेआठ ते दुपारी दोन रणरणतं ऊन असतं. तिथे सध्या पापड वाळतात.

"मग काय, गॅलरीत पॉवर स्टेशन काढायचं का?" असं मामा चिडवण्यासाठी म्हणाला होता. मी ज्या देशात राहतो तिथे नेमका हाच शब्द आहे. 'बाल्कोनक्राफ्टवेर्क', शब्दशः गॅलरीतलं वीजकेंद्र. जून २०२५ मध्ये सरकारी नोंदवहीत अशा दहा लाख वीजकेंद्रांची नोंद पूर्ण झाली. न नोंदवलेली वेगळीच. (जर्मन माणूस नियम पाळतो ही आपल्याकडची एक गोड समजूत आहे, तिच्याकडे पुढे येतोच.)

हे प्रकरण असतं काय? दोन पॅनेल, एक पुस्तकाएवढा मायक्रोइन्व्हर्टर, आणि वायरच्या टोकाला प्लग. तो प्लग भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचायचा. बस्स. सॉकेटमधून वीज बाहेर येते तशी आत जाते. घरात त्या क्षणी फ्रिज, राउटर, वॉशिंग मशीन जे काही चालू असेल ते आधी ही वीज खातं आणि मीटरमधून तेवढी कमी येते. उरलेली तारेतून शेजाऱ्याकडे जाते, तिचे पैसे मिळत नाहीत, आणि कोणी ते मागतही नाही. इन्व्हर्टरची मर्यादा ८०० वॅट, पॅनेलची २००० वॅट. हा सगळा संच मी राहतो त्या कार्ल्सरूहमध्ये बांधकामाच्या सामानाच्या दुकानात मिळतो, एवढंच काय, लिडल आणि आल्डीसारख्या किराणा दुकानांतही विकायला आलेला आहे. दूध, पाव, अंडी, वीजकेंद्र. माझ्या खालच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी आपल्या नातवाला हाताशी घेऊन दोन तासांत तो कठड्याला बसवला. वायरमन नाही, अर्ज नाही, फोटो काढायला आलेला अधिकारी नाही. एका संकेतस्थळावर नाव, पत्ता, वॅट भरले, संपलं.

आता ऊन बघा. इथे चांगल्या दक्षिणमुखी छपरावर एक किलोवॅटचं पॅनेल वर्षाला साधारण हजार युनिट देतं. कठड्याला उभं टांगलं की आणखी कमी. डिसेंबरात छपरावरचं पॅनेल जूनच्या पाचवा-सहावा हिस्सा देतं. पुण्यात तेच पॅनेल छपरावर वर्षाला दीड हजारांच्या आसपास जातं, पावसाळा धरून. म्हणजे ज्यांच्याकडे ऊन कमी ते गॅलरीत वीज करतायत, आणि ज्यांच्याकडे ऊन उतू जातंय ते पापड.

यावर ठरलेलं उत्तर येतं. "ते जर्मनी आहे बाबा, सरकार पैसे देतं." नाही देत! हा मुद्दा मला पुन्हापुन्हा सांगावासा वाटतो. काही गावांनी आणि राज्यांनी मध्ये थोडीफार मदत दिली हे खरं, आणि १ जानेवारी २०२३ पासून या सामानावरचा विक्रीकर शून्य केला गेला. पण मुख्य गोष्ट जी दिली ती परवानगी. आणि तीही सुखासुखी दिली नाही.

सुरुवातीच्या काळात वीजवितरण कंपन्या असल्या प्लगवाल्यांना धमकीवजा पत्रं पाठवत. आग लागेल, माणूस मरेल, ग्रिड कोसळेल. लोकांनी तरीही पॅनेल टांगली. त्या प्रकाराला 'गेरिला सोलर' असं नावच पडलं होतं. नियम पाळणारे ते हेच जर्मन. मग अभियंत्यांच्या संघटना, ग्राहक संघटना मैदानात उतरल्या, मोजमापं झाली, आणि २०१८ मध्ये प्रमाणकात या प्लगला पहिल्यांदा जागा मिळाली. तरी वितरण कंपन्यांनी खास सॉकेटचा हट्ट धरला. तो बसवायला इलेक्ट्रिशियन आणायचा, त्याचे पैसे कधीकधी संचाच्या निम्मे. आमच्या घरमालकाने तर "इमारतीचं रूप बिघडतं" म्हणून मला दीड वर्ष टोलवलं. (शेजारच्या गॅलरीतल्या प्लॅस्टिकच्या बगळ्याने बिघडत नव्हतं.) मे २०२४ मध्ये कायदा बदलला. मर्यादा ६०० वरून ८०० वॅट झाली, वितरण कंपनीकडे वेगळा अर्ज करायची अट गेली, आणि जुना चाकवाला मीटर उलटा फिरला तरी नवा मीटर बसेपर्यंत चालेल असं लिहून टाकलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये भाडेकरूला हक्क मिळाला. पॅनेल कसं बसवायचं यावर घरमालक बोलू शकतो, बसवायचं की नाही यावर सहसा नाही. आमच्या घरमालकाचा बगळ्याचा मुद्दा तिथेच निकालात निघाला. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्याने १२०० वॅटपर्यंत असाच कायदा केला. युटा हे काही डाव्या हिरव्यांचं राज्य नव्हे!

आता आपल्याकडच्या हरकती घेऊ. त्यातल्या काही फुसक्या आहेत आणि काही अगदी खऱ्या.

पहिली हरकत, "एवढ्याशा विजेने होतं काय?" मामाच्या गॅलरीत ४०० वॅटचं एक पॅनेल मावेल. अर्धा दिवस ऊन, उभं पॅनेल, मुंबईची धूळ, सगळं धरून रोज एक युनिट म्हणू. महिन्याला तीस. हसू येतंय? मग महावितरणच्या बिलाची मागची बाजू वाचा. पहिली १०० युनिटं एका दराने, त्यापुढची ३०० पर्यंतची साधारण दुप्पट दराने. मामाचं बिल १५० युनिटांचं येतं. ही वाचलेली तीस युनिटं सरासरी दराची नाहीत, ती वरच्या, महाग पायरीवरची आहेत. छोट्या ग्राहकाला छोट्या पॅनेलचा फायदा त्याच्या आकाराच्या मानाने जास्त होतो. ज्याचं बिल १०० च्या आत आहे त्याला मात्र हे परवडायला फार वर्षं लागतील, हेही सांगून टाकतो. सगळ्यांनी पॅनेल घ्यावं असं माझं म्हणणं नाही. ज्याला घ्यायचंय त्याला अडवू नये एवढंच.

दुसरी हरकत लाईनमनची, आणि ही हरकत घेणाऱ्याला मी आधी नमस्कार करतो. लाईन बंद करून खांबावर चढलेल्या माणसाला कोणाच्या तरी गॅलरीतून वीज आली तर? आपल्याकडे लाईनमनचे जीव आधीच स्वस्त आहेत. पण यावर उपाय शोधून जुना झालाय. ग्रिडला जोडायचा इन्व्हर्टर स्वतः लाट तयार करत नाही, तो ग्रिडची लाट बघून तिच्यात वीज ओततो. ग्रिड गेलं की थांबतो, इथल्या नियमाने सेकंदाच्या पाचव्या हिश्शात. भारतातही याच्या चाचणीसाठी आयएस १६१६९ हे मानक आहे. गच्चीवरच्या मोठ्या यंत्रणा याच भरवशावर चालतात. मग दहा किलोवॅटच्या बंगल्यावर जो भरवसा आहे तो ४०० वॅटच्या गॅलरीवर का नाही? (यातूनच एक गोष्ट निघते, जी विक्रेते सांगत नाहीत. बॅटरीशिवायचं गच्चीवरचं सोलर वीज गेली की बंद पडतं. भर दुपारी, लख्ख उन्हात. शून्य बिल म्हणजे भारनियमनातून सुटका असं ज्यांना वाटतं त्यांनी पैसे देण्याआधी हे दोनदा वाचावं.)

खऱ्या अडचणी घरात आहेत. जुन्या चाळीत, इमारतीत वायरिंग एक चौरस मिलिमीटरचं, अर्थिंग फक्त तीन-पिन सॉकेटच्या तिसऱ्या भोकापुरतं दिसायला, आणि गळती ओळखून तोडणारा आरसीसीबी नाहीच. प्लग खोचला की त्या वायरमध्ये दोन बाजूंनी करंट येतो. मेन बोर्डवरून १६ अँपियर, पॅनेलकडून आणखी साडेतीन. बोर्डावरच्या ब्रेकरला फक्त आपले १६ दिसतात. वायरला मात्र साडेएकोणीस सोसावे लागतात. इथेही यावर वर्षानुवर्षं वाद झाला आणि उत्तर निघालं, कमी मर्यादा ठेवा. आपल्याकडे ८०० नको, ४०० ठेवा. म्हणजे पावणेदोन अँपियर. आरसीसीबी सक्तीचा करा, एका घरात एकच प्लग, तोही एक्स्टेंशन बोर्डात नाही. आरसीसीबी तर सोलर नसलं तरी घरात हवाच. गिझरच्या शॉकने माणसं जातात, त्यांना पॅनेल लागत नाही.

दुसरी खरी अडचण पडण्याची. ४०० वॅटचं पॅनेल जवळपास दोन चौरस मीटर आणि वीस किलोच्या वर. ताशी १२० किलोमीटरच्या वाऱ्यात त्यावर सव्वाशे-दीडशे किलोचा रेटा येतो. निसर्ग (२०२०) आणि तौक्ते (२०२१) ज्यांनी पाहिलंय त्यांना अलिबाग-रत्नागिरीत हे समजावायला नको. केबल टायने पॅनेल बांधणाऱ्याला मी स्वतः विरोध करीन.

आणि तिसरी, जी कोणी बोलत नाही, ती मीटरची. आपल्याकडच्या अनेक साध्या इलेक्ट्रॉनिक मीटरांना वीज कोणत्या दिशेला जातेय हे कळत नाही, किंवा कळलं तरी चोरी टाळण्यासाठी दोन्ही दिशा खर्च म्हणूनच मोजतात. म्हणजे तुम्ही जास्तीची वीज शेजाऱ्याला फुकट दिलीत तर तिचं बिल तुम्हालाच! जर्मनीत मीटर उलटा फिरला म्हणून भांडण होतं, आपल्याकडे तो सुलटाच फिरतो म्हणून व्हायला हवं. दिशा ओळखणारा मीटर हवा तर आज रीतसर नेट मीटरिंगच्या रांगेत उभं राहायचं. अर्ज, करार, मीटर चाचणी, नोंदणीकृत कंत्राटदार. फेब्रुवारी २०२४ च्या केंद्राच्या नियमांनी दहा किलोवॅटपर्यंतचे अर्ज तांत्रिक तपासणीशिवाय मंजूर धरायला सांगितलं, ही सुधारणा मोठीच. पण ती गच्चीवाल्यासाठी. ४०० वॅटच्या पॅनेलसाठी तीच कागदपत्रं म्हणजे सायकल चालवायला अवजड वाहनाचं लायसन्स.

असो. नियम बदलेपर्यंत काय? तोवर ग्रिडच्या वाटेला जाऊ नका, प्लग खोचू नका. पण एक रस्ता आजही कोणाला न विचारता मोकळा आहे आणि गंमत म्हणजे त्याची अर्धी तयारी तुमच्या घरात बहुतेक झालेली आहे. चपलांच्या कपाटाशेजारी तो इन्व्हर्टर आणि ती काळी बॅटरी आठवतेय? २००५ नंतरच्या भारनियमनाने महाराष्ट्राला ती सवय लावली. इथल्या लोकांना घरात बॅटरी ही २०२० नंतरची क्रांती वाटते. आमच्या आजीने वीस वर्षांपूर्वी तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घातलंय.

त्या बॅटरीला पॅनेल जोडलं आणि ग्रिडकडे वीज जाण्याचा रस्ताच ठेवला नाही तर महावितरणचा संबंध येत नाही. मात्र पॅनेल विकत घेण्याआधी दोन कामं करा. एक, पंखे बदला. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. तीन पंखे, दहा तास, रोजचं सव्वा युनिटाहून जास्त वाचतं. तेवढी वीज बनवायला पुण्यात ३०० वॅटचं पॅनेल छपरावर लागेल. सगळ्यात स्वस्त पॅनेल म्हणजे नवा पंखा. दोन, इन्व्हर्टर नुसता चालू असताना किती खातो ते मोजा. पंधरा वॅट असतील तर दिवसाला ०.३६ युनिट, गॅलरीतल्या छोट्या पॅनेलच्या कमाईचा मोठा हिस्सा. म्हणून राउटर आणि दोन-तीन दिवे सरळ १२ व्होल्टवर चालवता आले तर बघा.

मग १०० वॅटची दोन पॅनेल. प्रत्येकी सहा-सात किलो, गॅलरीच्या आत, कठड्याला नटबोल्टने. मोठं स्वस्त ५४० वॅटचं पॅनेल आणि साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर ही जोडी दुकानदार गळ्यात मारतात. ती घेऊ नका. असा कंट्रोलर ४१ व्होल्टच्या पॅनेलला ओढून बॅटरीच्या १३ व्होल्टवर आणतो, करंट तोच १३ अँपियर राहतो, आणि ५४० वॅटचे १७० होतात. मोठं पॅनेल हवं तर कंट्रोलर एमपीपीटीच हवा.

आणि ज्याने बहुतेकांचा हा प्रयोग फसतो ती गोष्ट. तुमचा इन्व्हर्टर मेनवरून बॅटरी कायम काठोकाठ भरून ठेवतो. सकाळी ऊन आलं की कंट्रोलर बघतो, बॅटरी भरलेली, आणि हात बांधून बसतो. लोक म्हणतात सोलरमध्ये दम नाही. दम आहे, भांड्यात जागा नाही! एकतर दिवसा मेनवरचं चार्जिंग टायमरने बंद ठेवा किंवा सोलरला प्राधान्य देणारा इन्व्हर्टर घ्या. १५० अँपियर-तासाच्या ट्युब्युलर बॅटरीत कागदावर १.८ युनिट असतात, रोज निम्म्याच वापरा, नाहीतर ती लवकर म्हातारी होते. लिथियम घेणार असाल तर लिथियम आयर्न फॉस्फेटच, बीएमएससकट, आणि चार्जरचं इक्वलायझेशन बंद. जुन्या लॅपटॉपचे सेल सोल्डर करून बॅटरी बनवणारे व्हिडिओ बघून हात शिवशिवले तर खिशात घाला.

बॅटरीच्या धन टोकाला, वीतभर अंतराच्या आत, फ्यूज. हे ऐच्छिक नाही. बारा व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण त्या टोकांवर पाना पडला तर हजारभर अँपियर वाहतात आणि पाना वितळतो. आणि एसीचा एमसीबी डीसीला लावू नका. एसीमध्ये करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो, म्हणून ठिणगी विझते. डीसीला शून्य नाही, ठिणगी पेटती राहते.

"हे वायरमनचं काम आहे, आपण कशाला?" असं आता कोणीतरी म्हणणारच. आपल्या मध्यमवर्गाचा हा लाडका आजार आहे. चार पिढ्या इंजिनिअर, आणि घरात टेस्टर नाही. ज्या वायरमनला तुम्ही बोलावता त्याला डीसी ब्रेकरबद्दल कोणी शिकवलंय का हे तरी विचारता का? मेन बोर्डला तुम्ही हात लावू नका, ते त्याचंच काम. पण आपल्या घरात किती अँपियर कुठून कुठे जातात हे माहीत असायला त्याचं लायसन्स लागत नाही. ज्या समाजाला घरातली वीज म्हणजे जादू वाटते त्याला विक्रेता जे सांगेल ते खरं वाटतं, आणि नियामकाकडे काय मागायचं हेही कळत नाही.

मागायचं काय ते मी माझ्यापुरतं लिहून ठेवलंय. ४०० वॅटपर्यंत प्लगची परवानगी, प्रमाणित इन्व्हर्टर आणि आरसीसीबीच्या अटीवर. नोंदणी एका पानाची. बाहेर गेलेली वीज खर्चात न धरणारा मीटर, वाटल्यास तिचे शून्य पैसे द्या. आणि भाडेकरूला व फ्लॅटवाल्याला "कसं" यावर सोसायटीचं ऐकण्याचं बंधन, "की नाही" यावर नाही. यात सरकारी तिजोरीतून अनुदानाचा एक रुपयाही जात नाही, कदाचित म्हणूनच हे कोणाच्या जाहीरनाम्यात येत नाही.

महाराष्ट्र वीज नियामक आयोग दरवाढीच्या प्रस्तावांवर जाहीर सुनावणी घेतो आणि कोणत्याही ग्राहकाला तिथे लेखी हरकत देता येते. पुण्याच्या 'प्रयास'सारख्या संस्था वर्षानुवर्षं हे चिकाटीने करत आल्या आहेत. मी इथे बसून सही करू शकत नाही, माझ्या नावावर तिथे मीटर नाही. मामाच्या नावावर आहे. त्याला मसुदा पाठवलाय, तो म्हणतो भाषा फार जड आहे. सोपी करून परत पाठवतोय. कोणाला हवा असेल तर सांगा.